खडी खाल्ली, ढेकर नाही

डहाणूच्या कोर्टासमोर माझी टायपिंगची टपरी आहे. तालुक्यातली निम्मी भांडणं या टपरीत जन्माला आली. उरलेली निम्मीही इथेच जन्मली असती, पण मध्ये माझा हात प्लास्टरमध्ये होता आणि तेवढ्या काळात लोक नाइलाजाने एकमेकांशी गोड वागले.

लोकांना वाटतं, फौजदारी खटला गुन्ह्याने सुरू होतो. छे! गुन्हे रोज होतात, त्यांच्याकडे कुत्रं बघत नाही. खटला सुरू होतो कागदाने, आणि कागद सुरू होतो माझ्यापासून. माणूस येतो, सांगतो, "शेजाऱ्याने माझ्या कोंबडीला दगड मारला." मी म्हणतो, "बसा." तो उठतो तेव्हा सदर शेजाऱ्याने संगनमत करून, लाथाबुक्क्यांनी मारहाण करून, अर्वाच्य शिवीगाळ करून, जिवे ठार मारण्याची धमकी दिलेली असते. एकट्या माणसाला संगनमत कसं करता येतं, असं एका नव्या वकिलाने मला एकदा विचारलं होतं. आता तो जुना झालाय. विचारत नाही.

लाथाबुक्क्या, शिवीगाळ आणि धमकी म्हणजे माझं मीठ, मिरची, हळद. त्यांच्याशिवाय तक्रार शिजत नाही. वरोरच्या एका मच्छीमाराविरुद्ध मी अशी झणझणीत तक्रार शिजवली होती की वाचताना माझ्याच पोटरीत लाथ बसल्यासारखं झालं. बंदरावर, दिवसाढवळ्या, दहा माणसांदेखत त्याने फिर्यादीला तुडवला, असं त्यात होतं. पुढे कळलं की गडी त्या दिवशी समुद्रात होता आणि त्याच्याबरोबर अख्खी बोट साक्षीला होती. पण हे कोर्टाच्या कानावर घालायची त्याची पाळी आली तोवर त्याची पोरगी शाळेतून कॉलेजात गेली, कॉलेजातून सासरी गेली. एवढ्या वर्षांत त्याने तारखांना येऊन येऊन टपरीसमोरच्या रस्त्याचा उतार झिजवला. मला रामराम करायचा बिचारा. तक्रार कुणी लिहिली ते त्याला माहीत होतं. पण समुद्रावरची माणसं वाऱ्यावर राग धरत नाहीत.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि नवा कायदा आला.

वकील मंडळी चहाच्या गाडीवर कपाळ धरून बसली. पाठ केलेली कलमं एका रात्रीत बदलली होती. एकेकाचा चेहरा असा झाला की जणू घरी गेल्यावर बायकोही नव्या नंबरने ओळखायची होती. मला कलमांचं दुःख नव्हतं. माझ्या पोटावर पाय आला तो एका लहानशा ओळीने. खाजगी तक्रार आली, तर ज्याच्यावर आरोप आहे त्याला आधी बोलवायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं, आणि मगच कोर्टाने तक्रारीची दखल घ्यायची की नाही ते ठरवायचं. म्हणजे पूर्वी आधी अक्षता पडायच्या आणि मग मुलगा-मुलगी एकमेकांचं तोंड बघायची. आता म्हणे आधी बघाबघी! माझी मीठ-मिरची पहिल्याच दिवशी चाखली जाणार. मी चहावाल्याला म्हटलं, "बुडाला रे धंदा." तो म्हणाला, "काका, तुम्ही खोटं लिहिणं कमी करा." मी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की त्याचं दूध नासलं.

त्याच दिवसांत एक मुलगी टपरीत यायची. तलासरीच्या पूर्वेला डोंगर चढत गेलं की तिचा पाडा. घरी भात, नाचणी, थोडी वरी. पोलीस भरतीचे तिचे सगळे अर्ज मीच भरले. पोरगी पळायची अशी की पहाटे हायवेच्या कडेला तिचा सराव चालू असला की अहमदाबादकडे निघालेला ट्रकवाला आरशात बघून गियर बदलायचा. मैदानी झाली, लेखी झाली, यादीत नाव लागलं. पाड्यात त्या दिवशी एवढे फटाके उडाले की पलीकडे गुजरातेत लोकांनी दिवाळी समजून दिवे लावले.

आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. त्या पडताळणीत बाकी शंभर गोष्टी विचारतात, पण जीव एकाच प्रश्नात असतो: तुमच्यावर खटला आहे का? खरा की खोटा, हे कुणी विचारत नाही. आहे म्हटलं की फाईल बाजूला, आणि बाजूला ठेवलेल्या फाईलवर गवत उगवतं. हे तिला मीच समजावून सांगितलं होतं. "बाय, पत्र हातात पडेपर्यंत कुणाच्या वाऱ्याला उभी राहू नकोस."

"मी कुणाच्या अध्यात नसते, काका," ती म्हणाली.

आणि गेली चुलत बहिणीच्या लग्नाला.

त्या लग्नात मीही होतो. पाड्यातल्या घराघराचे जातीचे दाखले माझ्या टपरीतून गेलेत, त्यामुळे मला बोलावणं असतंच. आणि तिथलं बोलावणं म्हणजे तुमच्या शहरातल्यासारखं माणसाला नसतं, उंबऱ्याला असतं. हळद लावलेले तांदूळ घेऊन माणूस घराघरात फिरतो. एका उंबऱ्यावर तांदूळ ठेवले आणि शेजारचा चुकवला, तर तो शेजारी पुढच्या तीन पिढ्या तुमच्या म्हशीला पाणी पाजणार नाही.

नवरदेवाचे मामा म्हणजे बडं प्रस्थ. रस्त्याची, पुलाची, विहिरीची सरकारी कामं घेणारे कंत्राटदार. हात असा लांब की तलासरीत बसून पालघरच्या टेबलावरचा चहा ढवळायचे. या पाड्याचा रस्ताही त्यांनीच केला होता. केला होता म्हणजे, हायवेवरून आत वळलं की एक निळी पाटी आहे, तिच्यावर रस्ता पूर्ण झाल्याचं लिहिलंय. पाटी चांगली मजबूत आहे. रस्ता नाही. पाड्यातल्या बायका त्याबद्दल विचारायला तालुक्याला जाऊन आल्या होत्या. एका टेबलाने सांगितलं, इंजिनियरने लिहून दिलंय, म्हणजे रस्ता आहे. दुसऱ्याने सांगितलं, इंजिनियर सरकारी माणूस, त्याच्यावर काही सुरू करायचं तर आधी त्याच्या वरच्याचा अहवाल लागेल. वरचा कुठे आहे? रजेवर. रस्त्यावर बोट ठेवायला एवढी टेबलं!

तर लग्नाच्या दिवशी मामांची मोठी पांढरी गाडी त्यांच्याच पाटीपाशी रुतली. भरजरी फेटा बांधून, चपला हातात घेऊन, धोतराचा सोगा दातात धरून मामा स्वतःच्या रस्त्यावरून चालत मांडवात आले. आता सांगा, मांडवात नवरीकडच्या बायका बसलेल्या. व्याह्यांना चिडवायची, वाट्टेल ते बोलायची गाणी हा त्यांचा हक्क. ज्याच्यावर गाणं पडेल त्याने हसायचं, आणि त्याच्याकडच्या बायकांनी त्याहून वरचढ उत्तर द्यायचं, ही रीत. असल्या मांडवात असला माणूस, असल्या अवतारात. अहो, दगडाला कंठ फुटला असता!

गाणं नेहमी तिची काकी उचलते. काकीचा आवाज असा की पाड्यात हाक मारली की चारोटीच्या नाक्यावर माणसं ब्रेक दाबतात. पण त्या दिवशी काकीचा घसा बसला होता. तिने पोरीला कोपर मारलं. पोरीने उचललं, बाकीच्यांनी झेललं:

*मामा आले, मामा आले, चालत आले गं,*
*गाडी कुठं ठेवली मामा, रस्ता कुठं गं?*
*डांबर प्याले, खडी खाल्ली, ढेकर नाही गं!*

मांडव हसून हसून एका बाजूला कलला. मी स्वतः खांब धरला म्हणून मांडव उभा राहिला. मामा रीतीप्रमाणे हसले, फेटा सावरला आणि मांडवामागे ताडीच्या मडक्याकडे निघून गेले.

पण एका भाच्याने हे मोबाइलवर घेतलं होतं. कॅमेरा पोरीच्या तोंडावर. गाणं संध्याकाळच्या आत कासाच्या बाजारात पोचलं, दुसऱ्या दिवशी डहाणूत. वरोरच्या बायका बोंबील वाळत घालताना त्याच चालीवर हात हलवायला लागल्या. मामांना जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं. ते हात जोडून गल्लीत शिरले की मागून कुणीतरी विचारायचं, "मामा, ढेकर आली का?"

मामा वकिलाला घेऊन माझ्या टपरीत आले. मानहानीची फौजदारी करायची होती, आणि मानहानी पोलिसात जात नाही. तिची तक्रार सरळ कोर्टात घालावी लागते. व्हिडिओत तोंड एकाच मुलीचं, म्हणून आरोपी एकच. नाव ऐकलं आणि माझी बोटं कीबोर्डवर थिजली.

मी म्हटलं, "मामा, पोरीची पोलिसातली नोकरी तोंडावर आलीय."

"म्हणूनच तर," मामा म्हणाले. "एक तारीख लागू दे. मग गाईल भरतीच्या मैदानावर."

आता तुम्ही म्हणाल, मी नाही म्हणायला हवं होतं. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी शेजारच्या टपरीतून करून घेतलं असतं, आणि शेजारच्याची प्रिंट फिकट येते. शिवाय दुसऱ्याने लिहिलेल्या तक्रारीत मला हात कसा घालता आला असता? म्हणून मी बसलो. अशी तक्रार लिहिली की काय सांगू! मामांची इभ्रत विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या डोंगराएवढी उंच केली आणि तिथून ढकलून दिली. "फिर्यादी यांनी डांबर प्राशन केले व खडी भक्षण केली, असा धादांत खोटा मजकूर सुरात व ठेक्यात प्रसृत केला." वकीलसाहेब खूश. शेवटच्या पानावर जागा उरली होती, तिथे मी एक ओळ सोडली: "सदर गाण्यास फिर्यादीच्या पत्नीने जागेवरच सडेतोड प्रत्युत्तर दिले आहे."

ही ओळ मी मुद्दाम घातली असं मी सांगतो. पान भरायला घातली असं माझी बायको सांगते. तुम्ही आमच्या घरच्या भांडणात पडू नका. एवढं लक्षात ठेवा की उत्तर सुरू झालं तेव्हा पंगत बसली होती, व्हिडिओवाला भाचा पानावर पळाला होता आणि मामा ताडीच्या मडक्यापाशी होते. ऐकणाऱ्यांत मी होतो. वकिलांनी सही केली. वाचणं फीमध्ये धरलेलं नसतं.

जुना जमाना असता तर पुढचं मी झोपेत सांगितलं असतं: मामांचा जबाब, मॅजिस्ट्रेट मॅडमची सही, पोरीला समन्स आणि गवत. पण आता त्या लहानशा ओळीमुळे समन्सच्या आधी नोटीस निघाली, की येऊन आपलं म्हणणं सांगा.

ती नोटीस घेऊन एक हवालदार पाड्यावर गेला. पाटीपर्यंत मोटरसायकलवर, पुढे बूट हातात. पाड्यात बातमी पसरली की कोर्टाचं बोलावणं आलंय. बायका जमल्या. कुणाला? एकट्या पोरीला! काकीने कागद उलटा-सुलटा करून बघितला.

"हिलाच? आन् आमी काय मेलो?"

हवालदार समजवायला गेला, "अहो मावशी, हे लग्नाचं आमंत्रण नाही. हिच्यावर तक्रार आहे."

"तक्रार गाण्याची ना? मग गाणं काय हिने एकटीने म्हटलं? हिने उचललं, आमी झेललं. झेललं नाय तर गाणं भुईला पडंल. एका उंबऱ्याला बोलावता आन् शेजारच्या उंबऱ्यांचा अपमान करता?"

पोरगी रडकुंडीला आली. तिने काकीचे पाय धरले, "काकी, नको गं. मी गुपचूप जाऊन येते."

"गुपचूप?" काकीचा घसा आता ठणठणीत बरा झाला होता. "आपल्यात गुपचूप कोण जातं बाय? चोर."

आपलं म्हणणं लेखी द्यायला पोरगी माझ्याचकडे आली. मी बाह्या सरसावल्या. म्हटलं, "बघ आता, तक्रारीच्या वरचढ करतो. मामांनीच तुझ्यावर लाथाबुक्क्यांनी..."

"काका, जे झालं तेवढंच लिहा."

"तेवढंच? अगं, त्याला अर्धं पानही लागणार नाही!"

"नाही लागलं तर नाही लागलं."

आयुष्यात पहिल्यांदा मी मीठ-मिरचीशिवाय स्वयंपाक केला. लग्न होतं, रीत होती, मी गायले. प्रिंट काढली तर कागद इतका रिकामा दिसला की मला त्याची लाज वाटली. मी दोनदा तिच्याकडे बघितलं, निदान एखादं संगनमत तरी घालू का म्हणून. ती म्हणाली, "सही कुठे करू?"

तारखेला मी टपरी बंद करून कोर्टात जाऊन बसलो. तलासरीहून एक जीप आली. त्या जीपमधून बायका उतरत राहिल्या, उतरत राहिल्या. मध्ये मी एक चहा पिऊन आलो, तरी उतरतच होत्या. लग्नातल्या लुगड्यांत, केसांत फुलं, वाटेत महालक्ष्मीला जीप थांबवून पाया पडून आलेल्या. पोरगी सगळ्यात मागे, भरतीला घेतलेल्या पांढऱ्या बुटांत, तोंड बुटांहून पांढरं. एकच गोष्ट सारखी म्हणत होती, "आतमध्ये कुणी काही बोलू नका. माझी नोकरी आहे."

मामा कडक इस्त्रीत आले होते. इभ्रत कशी बुडाली ते सांगायला त्यांनी मामींना साक्षीदार म्हणून आणलं होतं. मामी म्हणजे भरभक्कम, नाकात मोठी चमकी, आणि बोलण्यात कुणाचं उधार न ठेवणारी बाई. त्या मांडवात उत्तर देऊन आल्यात, हे मामांना ठाऊक नव्हतं. बायकोला विचारायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती, आणि न विचारलेलं सांगायची मामींची नव्हती.

मॅडमनी पुकारलं, "आरोपी?"

सगळ्या बायका उभ्या राहिल्या.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "एकच नाव आहे इथे."

काकी पुढे झाली. पोरीने पदर ओढला. पदर हातात राहिला, काकी पुढे गेली. "तेच सांगाया आलो मॅडम. हिचं एकटीचं नाव का? त्यांना माझा आवाज ऐकू नाय आला? घसा बसला तरी सगळ्या पट्टीत माझा आवाज ऐकू जातो. माझं नाव वर पायजे, हिचं खाली."

वकील उठले. "मॅडम, हा न्यायालयाचा अवमान आहे."

"बसा," मॅडम म्हणाल्या. मग पोरीकडे वळून, "तुमचं म्हणणं मी वाचलं. अर्धंच पान आहे. आणखी काही?"

जी पोरगी आवाजाने मांडव कलवते ती फक्त मान हलवून नाही म्हणाली. मला वाटलं, संपलं. दखल घेतली की समन्स, समन्स निघालं की खटला, आणि खटला निघाला की त्या एका प्रश्नाखाली "होय".

मॅडम तक्रारीची पानं चाळत शेवटावर आल्या. थांबल्या.

"फिर्यादीच्या पत्नीने जागेवरच सडेतोड प्रत्युत्तर दिले आहे. हे काय प्रत्युत्तर?"

वकिलांनी आपली प्रत उघडली. पहिल्यांदाच उघडत होते, पानं चिकटलेली होती. मामांनी वकिलाकडे बघितलं, वकिलाने माझ्याकडे. मी छताच्या पंख्याकडे बघत होतो. पंखा सुंदर होता.

मामी उठल्या. त्यांचा चेहरा असा उजळला की साक्ष द्यायला नाही, सत्काराला उठल्यासारख्या. "मी दिलं ना! नवरीकडच्यांचं ऐकून घेऊन गप बसायला मी काय मुकी आहे? नवऱ्याकडची सगळ्यात मोठी मामी मी. मी नाही द्यायचं तर कुणी द्यायचं?"

"काय दिलंत?"

"म्हणून दाखवू?"

"शब्द सांगा."

"चालीशिवाय शब्द आठवत नाहीत, मॅडम." आणि परवानगीची वाट न बघता मामींनी सुरू केलं. हात कमरेवर, मान एका बाजूला:

*आमचा मामा वाघ गं, रस्ता त्याची न्याहारी,*
*पूल खातो दुपारी, विहीर पितो अंधारी,*
*तुमच्या गावात उरलं काय, वाढा आता लौकरी!*

मागच्या बाकावरचा एक वकील खोकायला लागला. माझ्या माहितीप्रमाणे तो खोकला अजून थांबलेला नाही. शिपायाने तोंड भिंतीकडे केलं. भिंत हलत होती.

काकी मोठ्याने म्हणाली, "घ्या! हे चांगलं म्हटलंस हां मामी. त्या दिवशी पण असंच म्हटलेलं."

"त्या दिवशी माझा श्वास तोकडा पडला," मामी म्हणाल्या. "जेवण व्हायचं होतं."

मामा कडक इस्त्रीच्या आत मऊ होत चालले होते.

मॅडमनी वकिलांना विचारलं, "आरोपीने फक्त रस्ता म्हटलं. तुमच्या साक्षीदार पूल आणि विहीरही म्हणतात, तेही सगळ्यांसमोर. तक्रार दुरुस्त करून यांनाही आरोपी करायचंय?" मग जरा थांबून, "आणि हा पूल कुठला? विहीर कुठली? इभ्रत कुठून कुठवर गेली ते ठरवायचं तर मला हेही बघावं लागेल."

मामी नवऱ्याकडे वळल्या. "करा ना आरोपी. करा! मग उद्यापासून न्याहारीला काय खाता ते बघू. रस्ते संपले असतील."

मामा वकिलाच्या कानाला लागले. वकील उठले, गळा साफ केला आणि फिर्यादीला सदर तक्रार चालवायची नाही असं सांगितलं. नवा कायदा, जुना कायदा, माझ्या टपरीच्या इतिहासात एवढ्या लवकर मेलेली तक्रार मी पाहिली नाही. तिला नावसुद्धा पडलं नव्हतं. दखल घेतली नाही, म्हणजे खटला सुरूच झाला नाही.

बाहेर आल्यावर पोरगी पायरीवर बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. काकी वेगळ्याच कारणाने रागावली होती. "एवढी जीप करून आलो, आन् आमचं कुणी ऐकलंच नाय! त्या मामीचंच ऐकलं." मामींनी तिला चहाच्या गाडीवर नेऊन वडापाव दिला. "पुढच्या लग्नात ऐकते तुझं," मामी म्हणाल्या. "तयारीने ये." मामा गाडीत काचा वर करून बसले होते. वरोरचा तो मच्छीमार कुठल्याशा दाखल्यासाठी आला होता. त्याला मी झालेलं सगळं सांगितलं. त्याने समोरच्या झिजलेल्या उताराकडे बघितलं. मग म्हणाला, "माझ्या वेळेला हे असतं तर माझे मासेमारीचे तेवढे हंगाम वाचले असते." आणि रामराम करून गेला. माझ्या चहात त्या दिवशी साखर कमी पडली असावी.

पडताळणीचा अर्ज भरायला पोरगी टपरीत आली. खटला आहे का, या रकान्यावर मी बोटं उगारली. म्हटलं, "कधीही, केव्हाही, कोणत्याही स्वरूपाचा, कोणत्याही न्यायालयात..."

"काका, एक शब्द."

मी "नाही" टाइप केलं. एवढा छोटा मजकूर माझ्या हातून पूर्वी कधी गेला नव्हता, आणि एवढा वेळ लागलेलाही नव्हता.

पडताळणीला घरी जाऊन चौकशी करावी लागते. तो दिवस मी चुकवणार नव्हतो. पाड्यात कोंबडी कापली होती. हवालदार तोच, नोटीस घेऊन गेलेला. या खेपेला मोटरसायकल पाटीपाशीच ठेवून, विजार दुमडून, चिखल तुडवत आला. ओटीवर बसला. शेजाऱ्यांना विचारलं, मुलगी कशी आहे? बायकांनी तिची एवढी स्तुती केली की मलासुद्धा ती अतिशयोक्ती वाटली. त्याने लिहून घेतलं, सह्या घेतल्या, अंगठे घेतले. मग तांब्याभर पाणी पायावर ओतून घेत त्याने वैतागून विचारलं, "पाटीवर तर इथपर्यंत डांबर लिहिलंय. मग हा रस्ता गेला कुठं?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. काकीने पदर खोचला, घसा खाकरला आणि तोंड उघडलं.

पोरीने झेप घेतली ती थेट काकीच्या तोंडावर हात. मैदानावरसुद्धा ती एवढी जोरात सुटली नसेल.

"काकी, पत्र येऊ दे," ती म्हणाली. "मग हाच प्रश्न मी विचारते. वर्दीत."

हवालदाराने तिच्याकडे बघितलं, काकीकडे बघितलं. कागद घडी करून खिशात ठेवले, बूट हातात घेतले आणि उतरायला लागला. पोरीचा हात काकीच्या तोंडावर तसाच होता. काकी बिचारी खरंच गप्प होती. पण खालच्या वळणावरून, चिखलातून, कुणीतरी तीच चाल गुणगुणत चालल्याचं आम्हाला ओटीवर स्पष्ट ऐकू येत होतं.